टाकीची कुळी पोटाखाली

जुन्या मोटरसायकलची सुटी टाकी हाती आली की पाहणारा आधी बिल्ला पाहतो, मग रंग. या दोन्ही गोष्टी टाकीवर सर्वांत शेवटी चढतात आणि सर्वांत आधी बदलतात. टाकी कोणत्या घराण्यातली आणि कोणत्या काळातली हे ठरवायचं, तर ती उलटी करायला हवी. वरचा फुगीर, मागे निमुळता होत जाणारा आकार आपल्या डोळ्यांत भरतो खरा, पण तो घडला खालच्या बाजूने, गाडीच्या चौकटीच्या गरजेतून. आरंभीची मोटरसायकल म्हणजे इंजिन बसवलेली सायकलच. चौकटीच्या वरच्या भागात दोन आडव्या नळ्या असत आणि त्यांच्या मधल्या जागेत चपटी, पेटीसारखी टाकी बसवत. पत्रा सरळ रेषेत वाकवायचा आणि कडा झाळायच्या, एवढंच ते काम. त्याला मोठी यंत्रं लागत नसत. पहिल्या महायुद्धात निरोप्यांनी दामटलेली १९१५ ची ट्रायम्फ मॉडेल एच याच जातीची. तिच्या टाकीत एका कप्प्यात पेट्रोल आणि दुसऱ्यात ऑइल असे, आणि ते ऑइल इंजिनात ढकलायला स्वाराच्या हाताशी पंप. पत्र्यावरची दोन झाकणं, आतला पडदा, पंपाचं भोक या अशा टाकीच्या जन्मखुणा.

पण दोन नळ्यांच्या मधे मावेल तेवढंच पेट्रोल आणि वरच्या नळीमुळे उंच राहणारी बैठक, ही अडचण वाढत्या ताकदीच्या गाड्यांना जाचू लागली. मग वरची नळी गेली, उरलेल्या नळीवर टाकी खोगिरासारखी दोन्ही अंगांनी बसली आणि बैठक खाली आली. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफच्या गाड्यांवर ही टाकी १९२० च्या दशकाच्या आरंभीच दिसते. १९२४ मध्ये हॉवर्ड डेव्हिसच्या एचआरडीने ती घेतली, १९२५ मध्ये अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने. पहिलेपणाचा मान कुणाचा, हा वाद चाहत्यांना सोडवू द्यावा. दशक संपेपर्यंत बहुतेक ब्रिटिश कारखाने या वाटेने गेले होते, हे महत्त्वाचं. नळीसाठी टाकीच्या पोटात खोल चर आला आणि चरामुळे पेट्रोलचे तळाशी दोन भाग झाले. म्हणून कुठे दोन्ही बाजूंना जोडणारी नळी, कुठे दोन कॉक. एकच कॉक असलेल्या गाडीचं पेट्रोल संपत आलं की आपल्याकडे गाडी कॉकच्या बाजूला आडवी करतात. पलीकडचं पेट्रोल चर ओलांडून अलीकडे यावं, एवढाच त्यामागचा हिशोब. हार्लेने तर टाकीच दोन सुट्या भागांत केली, त्यामुळे तिथे चर शोधून सापडत नाही.

यावर कुणी म्हणेल, हा थेंबासारखा आकार वारा कापण्यासाठी आला. तो काळ विमानांच्या वेडाचा होता, त्यामुळे दिसण्याचा मोह नव्हता असं नाही. पण टाकीसमोर हँडल, दिवा आणि दोन हात. मागे स्वाराचं सगळं धड. इतक्या विस्कटलेल्या वाऱ्यात टाकीचं निमुळतेपण काय साधणार? मागचा भाग अरुंद झाला तो गुडघ्यांना जागा हवी म्हणून. दोन्ही कुशींवरची रबरं तेच सांगतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नव्याने केलेल्या नकली टाक्यांत चरही हुबेहूब असतो, मग पोट पाहून काय कळणार? तिथे सांधा पाहावा. चपट्या टाकीच्या कडांवर कारखानी सफाईची अखंड विजेची वेल्डिंग असेल, तर संशय रास्त आहे. मात्र दुरुस्तीतही वेल्डिंग होते, त्यामुळे एका सांध्यावर निकाल देऊ नये. सर्वांत भरवशाची साक्ष बुजवलेल्या भोकांची. टाकीच्या कडेला हातगिअरचा दांडा होता, तर त्याच्या पट्टीची भोकं कुठे तरी राहतात. नक्कल करणारा गाडीवर दिसणारं सगळं उतरवतो. निकामी झालेली भोकं सहसा त्याच्या ध्यानात येत नाहीत.

आणि नेमकी हीच साक्ष दुरुस्तीत पुसली जाते. डेंटर पोचे काढतो, भोकं भरतो, वर लांबी आणि पॉलिश पेपर. टाकी देखणी होते आणि मुकी. आतला गंज सायट्रिक अॅसिडने किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेने निघतो, पत्रा फारसा न झिजता. विजेच्या पद्धतीत स्टेनलेस स्टीलचा तुकडा मात्र वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. आतून लेप द्यायचाच असेल तर तो इथेनॉलला टिकणारा निवडावा, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि काही जुने लेप त्यात मऊ पडून सुटतात. रिकाम्या टाकीला डाग देण्याची घाई तर जिवावर बेतते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ हवेत मिसळलेली असते. तेव्हा कारागिराच्या हाती देण्याआधी टाकी नीट धुऊन उलटी ठेवा, चर, पट्ट्या, सांधे आणि प्रत्येक भोक मापासह टिपून घ्या, फोटो काढा, आणि मगच लांबीचा डबा उघडू द्या.