भाकर कोणी मोडायची?

रविवारी सकाळी एखाद्या घरात किंवा भाड्याच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं मेजाभोवती बसतात. मेजावर एक अख्खी भाकर आणि द्राक्षरसाचा पेला. वेदी नाही, झगा घातलेला पाळक नाही, छापील उपासनाक्रम नाही. एखादा भाऊ गीत सुचवतो, दुसरा शास्त्रातला उतारा वाचतो. मधे बराच वेळ कुणीच बोलत नाही. मग एक जण उठून प्रार्थना करतो, भाकर मोडतो आणि ती हातोहात फिरते. आम्ही कुठल्याच पंथाचे नाही, असं सांगणाऱ्या ब्रदरन मंडळ्यांची ही रीत रुजली ती 1820 च्या दशकातल्या डब्लिन शहरात.

घरात भाकर मोडणं तसं ख्रिस्ती धर्माइतकंच जुनं. सिरियातल्या ड्युरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं राहतं घर उत्खननात सापडलं. त्याचंच प्रार्थनास्थळ केलेलं होतं. पुढे चर्च राजसत्तेला चिकटलं आणि घरातली सभा संशयास्पद ठरली. इंग्लंडमधल्या 1664 च्या कायद्याने अधिकृत उपासनेखेरीज घरच्यांशिवाय पाचांहून अधिक माणसं उपासनेला जमवायला बंदी घातली.

डब्लिनमध्ये कायदा आडवा आला नाही, आडवं आलं ते सभासदत्व. एडवर्ड क्रोनिन हा कॅथलिक घरातला वैद्यकीचा विद्यार्थी. प्रॉटेस्टंट झाल्यावर तो पाहुणा म्हणून शहरातल्या वेगवेगळ्या मंडळ्यांत प्रभुभोजन, म्हणजे हीच भाकर आणि पेला, घेई. तिथेच मुक्काम ठरला तेव्हा मात्र त्याला सांगण्यात आलं, की आता एका मंडळीचं सभासद व्हा, नाहीतर भोजन मिळणार नाही. ख्रिस्ताचं सभासदत्व असताना आणखी कुणाचं कशाला, म्हणून तो अडून बसला. व्यासपीठावरून त्याचं नाव घेऊन निषेध झाला. बायबल सोसायटीत काम करणाऱ्या एडवर्ड विल्सनला हे पटलं नाही. दोघंच वेगळी भाकर मोडू लागले.

त्याच सुमाराला अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज हा एक्झिटरचा दंतवैद्य पाळकपदाची दीक्षा घेण्यासाठी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात परीक्षा देत होता. 1827 मध्ये त्याच्या घरी चोरी झाली. डब्लिनच्या प्रवासासाठी बाजूला काढलेले 40 पौंड गेले. करासाठी ठेवलेले 16 पौंड तसेच राहिले. हा देवाचाच कौल मानून त्याने परीक्षा सोडली. पुढे दीक्षेशिवाय मिशनरी होता येईल का, असं विचारल्यावर उत्तर आलं, की येईल. पण पाळक हजर नसेल तर प्रभुभोजन देता येणार नाही. तेव्हा त्याने दीक्षेची अटच मुळी शास्त्रात नाही, असा निष्कर्ष काढला.

हे प्रवाह एकत्र आले. 1829 च्या नोव्हेंबरात फ्रान्सिस हचिन्सनच्या घरी सभा भरू लागली. घरंदाज वस्तीत गरिबांना संकोच वाटे, म्हणून 1830 मध्ये जॉन पार्नेलने एंजर स्ट्रीटवरचा लिलावाचा हॉल भाड्याने घेतला. शनिवारी संध्याकाळी ही मंडळी विक्रीचं सामान बाजूला सारत आणि साधं मेज मांडत. भाकर, द्राक्षारस, संपलं. त्या सभेला चर्चचं रूप देण्याचा तिथे कुणी प्रयत्नही केला नाही.

रीत झपाट्याने पसरली. प्लिमथला मोठी मंडळी उभी राहिली. ‘प्लिमथ ब्रदरन’ हे नाव लोकांनीच पाडलं. ब्रिस्टलला ग्रोव्ह्जचा मेहुणा जॉर्ज म्युलर होता. ग्रोव्ह्ज स्वतः बगदादला गेला, तिथे प्लेगमध्ये बायको गमावली आणि 1833 मध्ये मुंबईमार्गे हिंदुस्थानात आला. त्याचा तमिळ सहकारी अरुलप्पन याने तिरुनेलवेली भागात मिशनच्या पगाराशिवाय मंडळ्या वाढवल्या.

भांडणही लवकरच आलं. जॉन नेल्सन डार्बी आणि बेंजामिन न्यूटन या चळवळीतल्याच दोन पुढाऱ्यांचं बिनसलं. न्यूटनच्या माणसांना पंगतीला घ्यावं की नाही, यावरून 1848 मध्ये चळवळीची दोन शकलं झाली: ‘खुले’ ब्रदरन आणि ‘बंदिस्त’ ब्रदरन. ज्यांनी दारावरचा पहारेकरी नाकारला, त्यांनीच दारावर पहारा बसवला. पाळक काढून टाकणं सोपं गेलं. आत कोणाला घ्यायचं, हा प्रश्न काढून टाकता आला नाही.

1879 मध्ये आइल ऑफ वाइटवरच्या राइड गावी क्रोनिनने एका नव्या गटाबरोबर भाकर मोडली. त्या अपराधासाठी बंदिस्त ब्रदरनांनी आपल्याच मूळपुरुषाला पंगतीतून उठवलं.