कर्नल बर यांची टोपी

हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये मी शिरलो तो केवळ उन्हातून सुटका म्हणून. चर्चगेट स्टेशनला ज्या चर्चवरून नाव पडले ते हेच. किल्ल्याचा या चर्चकडे जाणारा दरवाजा तो चर्चगेट. १७१८ च्या नाताळात ते उपासनेसाठी खुले झाले. आत भिंतीभर संगमरवरी स्मारके आहेत: गव्हर्नर जोनाथन डंकन, मंगळूरचा किल्ला टिपूविरुद्ध लढवणारा कॅम्पबेल, आणि असे कितीतरी. त्यांत एक नाव वाचले आणि मी थेट आपल्या नववीच्या वर्गात जाऊन बसलो. कर्नल बर. खडकीच्या लढाईतला इंग्रजांचा सेनापती.

मित्रमैत्रिणींनो, आठवतेय ना? पुस्तकात त्या लढाईला जेमतेम दीड ओळ होती. इतिहासाच्या बाईंनी मात्र आपल्याला सायकलींवरून गणेशखिंडीत नेले होते. विद्यापीठाच्या आवारात वडाखाली डबे उघडायच्या आधी त्यांनी हात करून दाखवले होते, ‘पेशव्यांची फौज या बाजूने आली.’ आपले लक्ष डब्यांकडे होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

५ नोव्हेंबर १८१७ ची दुपार. संगमावरची रेसिडेन्सी सोडून एल्फिन्स्टन खडकीच्या छावणीत पोचला होता आणि मागे त्याचे बंगले, पुस्तके, कागदपत्रे जळत होती. इंग्रजांकडे सुमारे २८०० माणसे, पेशव्यांकडे त्याच्या कितीतरी पट. दुसरा बाजीराव पर्वतीवरून पाहत होता. ती खिडकी आजही दाखवतात. लढत होते ते बापू गोखले. इंग्रजांच्या डाव्या बाजूची एक हिंदी पलटण पुढे सरकून मूळ रांगेपासून तुटली, हे त्यांच्या नजरेने नेमके टिपले आणि जरीपटक्यासह निवडक घोडदळ तिच्यावर सोडले. ही पलटण बरची जुनी पलटण होती. तो स्वतः आजारी होता, तरी निशाणाजवळ जाऊन उभा राहिला आणि शिपायांना म्हणाला, गोळी राखून ठेवा. समोर दलदल होती, ती कोणालाच आधी दिसली नव्हती. भरधाव घोडी तिच्यात रुतली, मागची पुढच्यांवर आदळली, आणि मग बंदुका सुटल्या. काही घोडेस्वार तरीही पार झाले, पण फळी फुटली नाही.

हे सगळे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. तो त्या दिवशी तिथे हजर होता. अर्थात तो इंग्रजांच्या बाजूचा, हे विसरून त्याला वाचू नये. तरी त्याच्या लिखाणातल्या दोन गोष्टी मला सोडत नाहीत. एक, बरच्या टोपीतून गोळी आरपार गेली आणि त्याच्या शेजारी उभे असलेले त्याचे दोन ऑर्डर्ली ठार झाले. दुसरी मोरो दीक्षितांची. पेशव्यांचे हे सरदार आणि दापोडीच्या पलटणीचा कॅप्टन फोर्ड एकमेकांचे स्नेही. लढाई अटळ दिसल्यावर दोघांनी ठरवले होते की जो वाचेल त्याने दुसऱ्याच्या कुटुंबाला सांभाळायचे. दीक्षित पडले ते फोर्डच्याच पलटणीच्या तोफेने.

त्या दिवशी इंग्रजांचे मेलेले-जखमी मिळून ८६, मराठ्यांचे पाचशेच्या घरात. त्या ८६ मधले बहुतेक आपलेच, हिंदी शिपाई. बारा दिवसांनी पुणे गेले.

बरचे नाव पुन्हा एकदा येते. डिसेंबर अखेरीस तो पुण्यात होता. पेशव्यांचा हल्ला होणार या धास्तीने त्याने शिरूरहून कुमक मागवली. तीच स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबरच्या रात्री निघाली आणि १ जानेवारीला कोरेगावात पेशव्यांच्या फौजेला भिडली. तिथल्या स्तंभावर मात्र शिपायांचीही नावे कोरली आहेत, ‘नाक’ने संपणारी महार सैनिकांची बावीस नावे त्यांत आहेत. १९२७ च्या १ जानेवारीला डॉ. आंबेडकर तिथे गेले, आणि नंतर लाखो लोक जात राहिले. दगडावर नाव असल्याने काय होते ते तिथे कळते. चर्चमधल्या संगमरवरासमोर मी एकटाच उभा होतो, आणि खरे सांगायचे तर मला त्या माणसाचा राग आला नाही. आजारी शरीराने आपल्या माणसांत जाऊन उभे राहणे सोपे नव्हे. पण नजर त्या दोघांना शोधत होती.

संध्याकाळी बाईंना फोन केला. ऐंशी पार केल्यात, आवाज तोच. सगळे ऐकून घेतल्यावर पहिला प्रश्न आला, ‘त्या दोन ऑर्डर्लींची नावं होती का रे तिथे?’

म्हटले, ‘नाही बाई, मला सापडली नाहीत.’

‘मग स्मरणिकेत तेच लिही,’ त्या म्हणाल्या, ‘आणि शुद्धलेखन बघ.’