स्किड (क्रियापद)

स्किड हे इंग्रजी भाषेतील एक क्रियापद आहे. वाहन किंवा त्याचे चाक ताबा सुटून रस्त्यावर घसरणे, विशेषतः आडवे घसरत जाणे, हा त्याचा आजचा प्रमुख अर्थ होय. हाच शब्द नाम म्हणूनही वापरला जातो.

व्युत्पत्ती

क्रियापदाआधी नाम रूढ झाले. सतराव्या शतकाच्या आरंभी ‘स्किड’ म्हणजे जड वस्तू टेकवण्यासाठी किंवा सरकवण्यासाठी खाली घातलेला ओंडका वा फळी. हा शब्द स्कँडिनेव्हियन भाषांतून आला असावा, असे कोशकार मानतात. प्राचीन नॉर्स भाषेत लाकडाच्या फोडीला याच्याशी मिळताजुळता शब्द होता व बर्फावरून घसरण्याची ‘स्की’ त्यापासूनच आली. त्यामागील ‘कापणे, फोडणे’ या अर्थाचा मूळ धातू संस्कृत ‘छिद्’शी संबंधित मानला जातो. हे ग्राह्य धरल्यास मराठीतील छेद, छिन्न हे शब्द ‘स्किड’चे दूरचे आप्त ठरतात.

अर्थांतर

१६७० च्या दशकात क्रियापद म्हणून हा शब्द आढळतो, तो ‘चाकाला अटकाव करणे’ या अर्थाने. म्हणजे आजच्या अर्थाच्या जवळजवळ उलट. उतारावर घोडागाडी भरधाव सुटू नये म्हणून मागील चाकाखाली साखळीने बांधलेला लाकडी ठोकळा किंवा लोखंडी पादुका सरकवीत. चाक फिरायचे थांबे आणि पादुका रस्त्यावर घासत गाडीचा वेग आवरी. अशा रीतीने चाक न फिरता फरफटत जाई. पुढे लक्ष उपायावरून या फरफटीकडे वळले व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘न फिरता घसरणे’ हा अर्थ रुळला. ओल्या रस्त्यावर आडवे घसरण्याचा अर्थ १८८० च्या दशकातील आहे. गाडी आवरण्यासाठी घडलेला शब्द गाडी न आवरण्याचा वाचक झाला.

हे अर्थांतर यंत्रशास्त्राशीही सुसंगत आहे. जोराने ब्रेक दाबल्यास चाक जखडते. घसरत्या टायरचे घर्षण फिरत्या टायरच्या कमाल पकडीपेक्षा सहसा कमी असते आणि पुढील चाके जखडल्यास वाहन वळवता येत नाही. चाक जखडू न देणारी ‘एबीएस’ यंत्रणा यासाठीच असते. भारतात १२५ घनसेंटिमीटरहून अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना ती एप्रिल २०१९ पासून सरसकट बंधनकारक आहे.

इतर अर्थ

हेलिकॉप्टरखालील दांड्यांनाही स्किड म्हणतात. येथे मूळचा ओंडका टिकून आहे. अमेरिकेत लाकूडतोडीचे ओंडके ओढण्याच्या वाटेला ‘स्किड रोड’ म्हणत. त्यावरूनच शहरातील दरिद्री वस्तीसाठी ‘स्किड रो’ हा शब्दप्रयोग आला.

मराठीतील वापर

बोलीत ‘गाडी स्किड झाली’ असे सर्रास म्हटले जाते. ‘घसरणे’ हा प्रतिशब्द अचूक असला तरी व्यापक आहे. पाय, रेल्वेचा डबा आणि बाजारभावही घसरतात. वृत्तपत्रे मात्र अद्याप ‘दुचाकी घसरून’ असेच लिहिताना दिसतात.