अटलांटिक ओलांडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या होड्या

विद्यार्थ्यांनी बांधलेली, आत कोणीही माणूस नसलेली होडी महासागरात सोडायची आणि ती पलीकडच्या किनाऱ्याला लागते का ते पाहायचे, हा उपक्रम एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अटलांटिकच्या दोन्ही काठांवर रुजला. उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारी यंत्रे तोवर लहान आणि शाळा-महाविद्यालयांना परवडतील इतकी स्वस्त झाली होती. समुद्रात काहीतरी सोडून देऊन त्याचा माग काढण्याची पद्धत मात्र त्याहून बरीच जुनी. मोनॅकोचा राजपुत्र आल्बेर पहिला याने 1885 पासूनच्या तीन वर्षांत आपल्या जहाजावरून 1,675 तरंगती भांडी उत्तर अटलांटिकमध्ये सोडली. प्रत्येक भांड्यात ते सापडणाऱ्याने परत पाठवावी अशी चिठ्ठी होती. 227 चिठ्ठ्या परत आल्या. कोणते भांडे कुठे लागले यावरून उत्तर अटलांटिकचे पाणी अझोर्स बेटांभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, हे त्याला दाखवता आले. भांडे कुठून निघाले आणि कुठे पोहोचले एवढेच त्या काळी कळत असे. मधली वाट अंदाजाने आखावी लागे.

आजच्या होड्याही याच चक्राचा आधार घेतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत उष्ण गल्फ प्रवाह उत्तरेकडे जातो, मग ईशान्येला वळतो आणि युरोपच्या दिशेने पसरतो. त्याच पट्ट्यात वर्षाचा बराच काळ पश्चिमी वारे वाहतात. त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या होडीला वारा आणि पाणी या दोहोंची साथ मिळते. अडचण सुरुवातीलाच असते. किनाऱ्याजवळ सोडलेली होडी भरतीबरोबर आणि किनाऱ्याकडच्या वाऱ्याबरोबर परत येते, म्हणून ती एखाद्या जहाजावरून खोल समुद्रात नेऊन सोडावी लागते.

महासागर ओलांडण्यात विद्यार्थ्यांचा सहभाग असलेले पहिले मोठे यश पाण्यावर तरंगणाऱ्या होडीने मिळवले नाही. ते मिळवले पाण्याखालून जाणाऱ्या यंत्राने, आणि त्याची कल्पना आधी कागदावर उतरली होती. समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टोमेल यांनी 1989 मध्ये एक कल्पित वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यातला निवेदक 2021 सालातून मागे वळून पाहतो, आणि त्याच्या जगात महासागरांतून फिरणारी स्वयंचलित यंत्रे किनाऱ्यावरच्या केंद्राला नियमित माहिती पाठवत असतात. या यंत्रांना स्टोमेल यांनी स्लोकम हे नाव दिले. जोशुआ स्लोकम या खलाशाने 1895 ते 1898 या काळात शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली होती, तसे करणारा तो पहिलाच. स्टोमेल यांचे सहकारी अभियंते डग वेब यांनी हे यंत्र प्रत्यक्षात आणले. त्याला ग्लायडर म्हणतात.

ग्लायडरला पंखा नसतो. नाकाच्या टोकाशी असलेल्या पोकळीत ते थोडे पाणी घेते, किंचित जड होते आणि बुडू लागते. पाणी बाहेर टाकले की हलके होऊन वर येते. दोन्ही बाजूंचे पंख या खालीवर होण्याचे पुढे सरकण्यात रूपांतर करतात. त्यामुळे त्याची वाट करवतीच्या दात्यांसारखी होते. वेग माणसाच्या चालीहूनही कमी. पण वीज इतकी थोडी लागते की बॅटरीवर ते महिनोन्महिने चालते. ठरावीक वेळाने ते पृष्ठभागावर येऊन उपग्रहामार्फत तापमान, क्षारता आणि आपले ठिकाण कळवते आणि पुढच्या सूचना घेते.

अशा यंत्राने अटलांटिक ओलांडून दाखवा, असे आव्हान अमेरिकी सरकारच्या नोआ या संस्थेतले रिचर्ड स्पिनरॅड यांनी न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठाला दिले. स्कॉट ग्लेन आणि ऑस्कर शोफिल्ड या प्राध्यापकांनी ते स्वीकारले आणि कामात पदवीचे विद्यार्थी घेतले. ही निवड महत्त्वाची ठरली. ग्लायडरचा वेग प्रवाहाच्या वेगापेक्षा अनेकदा कमी असतो. सरळ रेषेत नेले तर ते मागेच ढकलले जाते. त्यामुळे उपग्रहांकडून मिळणारे समुद्राच्या उंचीचे आणि तापमानाचे नकाशे रोज वाचायचे, कोणता भोवरा पुढे नेईल आणि कोणता अडकवून ठेवील ते ठरवायचे आणि त्याप्रमाणे दिशा द्यायची, असे ते काम होते. सागरी प्रवाहांचा धडा एरवी पुस्तकात वाचला जातो. इथे तो चुकला तर यंत्र हातचे जाणार होते. 2008 मध्ये तसेच झाले. आरयू-17 हे पहिले ग्लायडर निम्म्याहून अधिक वाट कापून अझोर्सजवळ नाहीसे झाले.

दुसरे ग्लायडर आरयू-27, म्हणजेच ‘स्कार्लेट नाइट’, 27 एप्रिल 2009 रोजी न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर सोडण्यात आले. वाटेत त्याच्या अंगावर बार्नकल वाढले. जहाजांच्या बुडाला चिकटून बसणाऱ्या या कवचधारी जीवांमुळे आधीच संथ असलेले यंत्र आणखी मंदावले, आणि ते खरवडून काढण्यासाठी अझोर्सजवळ माणसांना पाण्यात उतरावे लागले. 4 डिसेंबरला, 221 दिवसांनी आणि सुमारे 7,400 किलोमीटरनंतर, स्पेनजवळच्या समुद्रात ते जहाजावर उचलून घेण्यात आले. मग ते बायोना या बंदरात नेले. कोलंबसच्या ताफ्यातले ‘पिंटा’ हे जहाज 1493 मध्ये अमेरिकेच्या शोधाची बातमी घेऊन याच बंदरात आले होते.

पृष्ठभागावरच्या होड्यांचा इतिहास इतका भाग्याचा नाही. वेल्समधील ॲबरिस्टविथ विद्यापीठाचे मार्क नील आणि फ्रान्समधील तुलूझचे इव्ह ब्रिएर यांनी 2005 मध्ये मायक्रोट्रान्सॅट या स्पर्धेची कल्पना मांडली: छोटी, स्वतः दिशा ठरवणारी शिडाची होडी अटलांटिकपार न्यायची. ॲबरिस्टविथच्या होडीचे नावही ‘पिंटा’च होते. 2010 मध्ये आयर्लंडहून निघालेली ही होडी फार दूर गेली नाही. पुढच्या वर्षांत फ्रान्स, अमेरिका आणि ब्रिटनमधून होड्या निघाल्या. काहींचा संपर्क तुटला, काही किनाऱ्यावर परत आल्या, काही मच्छीमारांनी उचलल्या. स्पर्धेबाहेरही प्रयत्न झाले. ऱ्होड आयलंडमधील तरुणांच्या एका गटाने सुमारे चार मीटरची, सौरऊर्जेवर चालणारी ‘स्काउट’ बांधली आणि ऑगस्ट 2013 मध्ये स्पेनकडे सोडली. हजार मैलांहून अधिक अंतर तोडल्यावर तिचा माग हरवला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची साडेपाच मीटरची ‘एडा’ ऑगस्ट 2016 मध्ये न्यूफाउंडलंडहून आयर्लंडकडे निघाली. खवळलेल्या समुद्रात तिचे सुकाणू निकामी झाले. डिसेंबर 2017 मध्ये एका संशोधन जहाजाला ती फ्लोरिडाच्या बाहेर तरंगताना आढळली. दिशा देणारे कोणी नसताना तिने वर्षाहून अधिक काळ समुद्रात काढला होता.

स्पर्धेतले पहिले यश 26 ऑगस्ट 2018 रोजी नॉर्वेच्या ‘सेलबॉय’ला मिळाले. दोन मीटर लांबीची ही होडी न्यूफाउंडलंडच्या समुद्रातून 80 दिवसांत आयर्लंडला पोहोचली. ती विद्यार्थ्यांची नव्हती, एका व्यावसायिक कंपनीची होती. विद्यार्थ्यांच्या होड्यांचा संगणक सहसा हुशार असे. त्या हरत ते पाणी शिरल्याने, सांधे तुटल्याने, मिठाने गंजलेल्या तारांमुळे.

याच्या अगदी उलट विचार अमेरिकेतील मेन राज्याच्या बेलफास्ट गावचे दर्यावर्दी डिक बाल्डविन यांनी केला. 2008 मध्ये त्यांनी एज्युकेशनल पॅसेजेस हा उपक्रम सुरू केला. त्यांची होडी जेमतेम दीड मीटरची असते. शीड कायमचे बसवलेले, सुकाणू न हलणारे, तळाला शिशाचे वजन. उलटली तरी ती आपोआप सरळ होते आणि वारा नेईल तिकडे जाते. दिशा ठरवणारा संगणक तिच्यात नसतोच. असते ते फक्त ठिकाण कळवणारे यंत्र आणि मुलांच्या वस्तू ठेवण्याची बंद पेटी. ती जिथे लागेल तिथल्या शाळेशी ओळख व्हावी हा मुख्य हेतू.

न्यू हॅम्पशायरमधील राय गावच्या शाळेतल्या मुलांची ‘राय रिपटाइड्स’ 25 ऑक्टोबर 2020 रोजी, कोविडच्या काळात, अटलांटिकमध्ये सोडण्यात आली. पेटीत मुलांची छायाचित्रे, सह्या केलेला मास्क, शरद ऋतूतली झाडांची पाने, ओकची फळे आणि नाणी होती. तिचे संदेश अधूनमधून येत, आणि मग कित्येक महिने आलेच नाहीत. 462 दिवसांनी, सुमारे 13,000 किलोमीटरचा प्रवास करून, ती नॉर्वेतील स्म्योलाजवळच्या एका छोट्या बेटावर लागली. तिथल्या सहावीतल्या मुलाला ती सापडली. डोलकाठी मोडलेली होती, तळाचा भाग तुटून गेला होता, अंगभर बार्नकल होते. पेटी मात्र शाबूत होती, आणि त्या मुलाच्या वर्गाने ती उघडली.

महासागराचे शास्त्र शिकवण्यात रटगर्सच्या ग्लायडरची बरोबरी या छोट्या होडीला करता येणार नाही. पण मोठी प्रयोगशाळा आणि मोठा निधी नसलेल्या शाळेसाठी यांतला सर्वांत योग्य मार्ग बाल्डविन यांचाच आहे.