कारवान हाउंड

कारवान हाउंड ही दख्खनच्या पठारावरील एक भारतीय श्वानजात आहे. वासाऐवजी नजरेने सावज हेरणाऱ्या व वेगाने पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांच्या गटात तिचा समावेश होतो. ग्रेहाउंड, सलुकी, अफगाण हाउंड, रामपूर हाउंड व चिप्पीपराई या याच गटातील अन्य जाती होत. महाराष्ट्रातील लातूर, सोलापूर, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत आणि लगतच्या उत्तर कर्नाटकात ही जात प्रामुख्याने आढळते. पूर्वी शिकारीसाठी व शेताच्या राखणीसाठी पाळला जाणारा हा कुत्रा आज ग्रामीण शर्यती, श्वानप्रदर्शने आणि सुरक्षा दले अशा तीन क्षेत्रांत दिसतो. या तिन्ही क्षेत्रांत कुत्र्याची पारख वेगवेगळ्या निकषांवर होते. त्यामुळे जातीचे मूळ गुण कसे टिकवावेत, हा तिच्या संवर्धनातील मुख्य प्रश्न ठरला आहे.

नावे व वर्गीकरण

महाराष्ट्रातील खेड्यांत या कुत्र्याला ‘कारवानी’ असे म्हणतात. व्यापारी तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, आलेला कुत्रा असा या नावाचा अर्थ लावला जातो. कान, पाय व शेपटीवर लांब रेशमी केस असलेल्या प्रकारास ‘पश्मी’ म्हणतात. लोकर या अर्थाच्या ‘पश्म’ या फारसी शब्दावरून हे नाव आले आहे. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ या गावावरून याच कुत्र्यास ‘मुधोळ हाउंड’ हे नाव मिळाले. केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था ‘कारवान हाउंड’ या नावाने, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ या नावाने या जातीची नोंद करते. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२० साली राजापलयम व चिप्पीपराई यांच्यासह मुधोळ हाउंडची भारतीय श्वानजात म्हणून नोंदणी केली.

इतिहास

पश्चिम व मध्य आशियातून दख्खनेत आलेल्या व्यापाऱ्यांच्या व सैनिकांच्या सोबतीने सलुकी व ताझी यांसारखे शिकारी कुत्रे येथे पोहोचले आणि स्थानिक कुत्र्यांशी त्यांचा संकर होऊन ही जात घडली, असे सामान्यतः मानले जाते. कोरडे हवामान, विरळ झुडपे व उघडी माळराने असलेल्या या प्रदेशात दुरून सावज पाहून धावणारा कुत्रा उपयुक्त ठरला. शेतकरी व मेंढपाळ यांनी ससा व हरणाच्या शिकारीसाठी त्याची जोपासना केली.

मुधोळ हे घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान होते. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जातीच्या पद्धतशीर पैदाशीस उत्तेजन दिले आणि ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज यांना कुत्र्यांची एक जोडी भेट दिली. त्यामुळे मुधोळचे नाव या जातीशी कायमचे जोडले गेले. भारतीय टपाल खात्याने २००५ साली चार भारतीय श्वानजातींवर टपाल तिकिटे काढली. त्यांत मुधोळ हाउंडचा समावेश होता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर शिकारीचा परंपरागत उपयोग बेकायदेशीर ठरला.

शरीररचना व धाव

नराची खांद्यापर्यंतची उंची साधारणतः ६८ ते ७२ सेंटिमीटर व मादीची ६४ ते ६८ सेंटिमीटर असते. डोके लांब व निमुळते, मान लांब, छाती खोल आणि पोट वर ओढलेले असते. कान लोंबते व त्वचेलगतचे केस आखूड असतात. रंगांत बरीच विविधता आढळते. अनोळखी माणसापासून दूर राहणे व घरच्या माणसांशी एकनिष्ठ असणे, हा या जातीचा सर्वपरिचित स्वभाव आहे.

या गटातील कुत्रे भरधाव पळताना एका ढांगेत दोनदा पूर्णपणे हवेत असतात. एकदा चारही पाय पोटाखाली एकत्र आलेले असतात, तर दुसऱ्यांदा ते पुढे-मागे ताणलेले असतात. पाठीचा कणा धनुष्याप्रमाणे वाकतो व उलगडतो, त्यामुळे ढांग लांब पडते. ग्रेहाउंड हा अल्प अंतरावरील सर्वांत वेगवान कुत्रा होय. ऑस्ट्रेलियात १९९४ साली ‘स्टार टायटल’ या ग्रेहाउंडने ताशी ६७.३२ किलोमीटर वेग नोंदवला होता. कारवान हाउंडची ख्याती मात्र निव्वळ वेगापेक्षा दमसास, काटकपणा आणि उष्ण हवामानात टिकण्याची क्षमता यांसाठी आहे.

पिल्लाची पारख व वाढ

होतकरू पिल्लू ओळखताना जाणकार प्रथम त्याच्या आईवडिलांची धाव, स्वभाव व दुखापतींचा पूर्वेतिहास पाहतात. त्यानंतर खांद्याचा तिरकस कल, छातीची खोली, मागील पायांची ठेवण, घट्ट मिटलेले पंजे आणि हलत्या वस्तूवर नजर रोखून तिचा माग धरण्याची वृत्ती यांकडे लक्ष दिले जाते. केवळ अंगाने मोठे असलेले पिल्लू पुढे वेगवान ठरतेच असे नाही.

उंच जातींच्या कुत्र्यांत लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा सुमारे एक ते दीड वर्षाच्या वयापर्यंत पूर्णपणे भरून येत नाहीत. त्याआधी टणक जमिनीवर वारंवार भरधाव पळवल्यास हाडे व सांधे यांना कायमची इजा होऊ शकते. ब्रिटनमधील नियमांनुसार ग्रेहाउंडला १५ महिन्यांच्या आत शर्यतीत उतरवता येत नाही. लहान वयात मोकळ्या शेतात स्वेच्छेने धावणे हाच योग्य व्यायाम मानला जातो. ज्वारी किंवा बाजरीची भाकरी व दूध हा खेड्यांतील परंपरागत आहार आहे. वाढत्या पिल्लास त्याखेरीज अंडी, मांस अशा प्रथिनयुक्त अन्नाची आवश्यकता असते.

तरुण कुत्र्याची प्रगती एका विजयावरून ठरवता येत नाही. जमिनीचा पोत, वारा, तापमान व प्रतिस्पर्धी यांनुसार निकाल बदलतो. म्हणून समान अंतरावर, समान जमिनीवर व निरनिराळ्या दिवशी घेतलेल्या वेळांची नोंद अधिक विश्वसनीय असते. सुरुवातीची झेप, अखेरच्या टप्प्यातील वेग, धावल्यानंतर श्वास पूर्ववत होण्यास लागणारा वेळ आणि दुसऱ्या दिवशीची चाल या बाबी एकत्रितपणे पाहिल्या जातात. लंगडणे किंवा उशिरापर्यंत धापा टाकणे, हे धाव थांबवण्याचे लक्षण आहे. उन्हाळ्यात दुपारी पळवल्यास उष्माघाताने कुत्रा दगावू शकतो.

शर्यती व कायदा

यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड पळवण्याच्या आधुनिक शर्यतीचा आरंभ १९१९ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एमरीव्हिल येथे झाला. ब्रिटनमध्ये पहिली अशी शर्यत १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर झाली. वळणांवरील दुखापती व निवृत्त कुत्र्यांची आबाळ या कारणांमुळे अनेक ठिकाणी या शर्यतींवर निर्बंध आले. मकाऊतील मैदान २०१८ साली बंद झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या मतदारांनी या शर्यती बंद करण्याच्या बाजूने कौल दिला.

भारतात घोड्यांच्या शर्यतींप्रमाणे परवानाधारक मैदाने व नोंदणीपुस्तके असलेली श्वानशर्यतीची व्यवस्था नाही. मुंबईतील महालक्ष्मी रेसकोर्सवर घोड्याचे वय, वंशावळ व पूर्वीची कामगिरी छापील स्वरूपात प्रेक्षकांपुढे असते. ग्रामीण श्वानशर्यतीत ही माहिती बहुधा तोंडी असते. महाराष्ट्रात गावजत्रांच्या निमित्ताने मोकळ्या शेतात अशा शर्यती भरतात.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० या शर्यतींना लागू होतो. मनोरंजनासाठी एका प्राण्यास दुसऱ्यावर सोडणे हा त्याखाली गुन्हा आहे. जिवंत ससा सोडल्यास वन्यजीव अधिनियमाचाही भंग होतो. प्रेक्षकांसमोर प्राण्यांचे खेळ करण्यासाठी नोंदणी आवश्यक असते. महाराष्ट्राने २०१७ साली केलेली दुरुस्ती बैलगाडा शर्यतींपुरती आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी ती वैध ठरवली, मात्र तिचा लाभ श्वानशर्यतींना मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीस कौशल्याचा खेळ मानले असले तरी श्वानशर्यतीवरील पैजांना राज्यात कायदेशीर मान्यता नाही.

सुरक्षा दलांतील कामगिरी

भारतीय सैन्याने २०१६ च्या सुमारास मेरठ येथील रिमाउंट व पशुवैद्यकीय कोअरच्या केंद्रात मुधोळ हाउंडच्या प्रशिक्षणास प्रारंभ केला. २०२१ साली धावपट्टीवरील पक्षी हुसकावण्याच्या कामासाठी ही पिल्ले भारतीय वायुसेनेस देण्यात आली. सीमा सुरक्षा दलाच्या ‘रिया’ या मुधोळ मादीने २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात माग काढण्याच्या प्रकारात प्रथम क्रमांक मिळवला. मेळाव्यातील सर्वोत्कृष्ट श्वान म्हणूनही तिची निवड झाली. माग काढणे हे वासाचे काम आहे. नजरेच्या शिकारी कुत्र्याने त्यात मिळवलेले यश, या जातीची क्षमता केवळ धावेपुरती मर्यादित नसल्याचे दर्शवते.

संवर्धन

बागलकोट जिल्ह्यातील तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. शुद्ध पैदास, पशुपालकांना मार्गदर्शन व पिल्लांचे वितरण ही कामे तेथे होतात. शर्यतीत झटपट वेग मिळावा म्हणून ग्रेहाउंडशी केला जाणारा संकर, जवळच्या नात्यातील पैदास आणि लेखी वंशावळीचा अभाव या जातीपुढील प्रमुख अडचणी आहेत. संकरित पिल्लू अल्प अंतरावर सरस ठरले तरी स्थानिक हवामानास अनुरूप गुण पुढील पिढ्यांत विरळ होण्याचा धोका असतो.

श्वान पैदास व विक्री नियम, २०१७ नुसार पैदासकाराची नोंदणी बंधनकारक आहे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. मादीचे वय पैदाशीसाठी किमान १८ महिने असावे लागते व वर्षातून एकाहून अधिक वेत घेता येत नाही. मुंबई व तिच्या उपनगरांत कुत्रा पाळण्यासाठी महानगरपालिकेचा परवाना आवश्यक आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरसारख्या दाट वस्तीच्या भागांत या जातीस रोज मोकळी धाव मिळणे कठीण असते. केवळ साखळीने फिरवणे तिला पुरेसे ठरत नाही. तिची शिकारी वृत्ती प्रबळ असल्याने मांजर वा अन्य लहान प्राणी दिसताच ती मागे धावते. त्यामुळे तिला बंदिस्त मैदानाखेरीज मोकळे सोडणे धोक्याचे असते.

हे सुद्धा पहा

राजापलयम
चिप्पीपराई
रामपूर हाउंड
ग्रेहाउंड
मुधोळ संस्थान
बैलगाडा शर्यत