दोन धन्यांची यंत्रदासी

शत्रूचें अवसान खचवावयाचें असेल तर त्याच्या श्रद्धास्थानाचीच हुबेहूब प्रतिकृति निर्माण करावी आणि तिच्याकरवीं भलतेंच कांहीं घडवून आणावें, ही युक्ति आपल्या वाङ्मयाला नवी नाहीं. युद्धकांडांत इंद्रजितानें मायेची सीता रथावर बसविली आणि हनुमंताच्या डोळ्यांदेखत तिच्यावर खड्ग चालविलें. ती वार्ता कानीं पडतांच प्रत्यक्ष रामचंद्र मूर्च्छित झाले, आणि बिभीषणानें तें कपट उलगडून सांगितलें तेव्हां कोठें सर्वांच्या जिवांत जीव आला. त्या मायासीतेला स्वतःचें मन नव्हतें. ती कोणाची, हा प्रश्नहि नव्हता. ती सर्वस्वीं इंद्रजिताची होती. परंतु अशी मायावी मूर्ति जर एकाच वेळीं दोघां धन्यांची असेल, एकाला ती आपली हेर वाटत असेल आणि दुसऱ्यानें तिला त्या पहिल्याच्याच नाशासाठीं सोडिलेली असेल, तर काय होईल? हा प्रश्न जर्मनींतील एका मूकपटानें १९२७ सालीं विचारला. त्या मूकपटाचें नांव 'मेट्रोपोलिस', म्हणजे महानगर. त्याचा, त्याची कथा लिहिणाऱ्या विदुषीचा आणि त्याच्या फितींचा पुढील इतिहासहि असाच दुभंगलेला निघाला.

यंत्रमानवाला आज सर्वत्र रूढ झालेलें 'रोबो' हें नांव त्याच्या सहा वर्षें आधीं रंगभूमीवर आलें होतें. कारेल चापेक या चेक नाटककाराच्या नाटकाचा प्रयोग १९२१ च्या जानेवारींत प्राग येथील राष्ट्रीय नाट्यगृहांत झाला. त्यांतील कृत्रिम मजुरांसाठीं हा शब्द त्याचा भाऊ योसेफ यानें सुचविला होता. चेक भाषेंत 'रोबोता' म्हणजे वेठ. तेव्हां रोबो म्हणजे शब्दशः वेठबिगार. पण चापेकचे हे वेठबिगार धातूचे नव्हते. ते रासायनिक द्रव्यांपासून घडविलेले, दिसावयास माणसासारखेच होते. पडद्यावरच्या यंत्रमानवाला चकचकीत धातूची काया आणि स्त्रीचा आकार दिला तो 'मेट्रोपोलिस'नें, आणि ती आकृति इतकी ठसली कीं पुढील कित्येक कलावंतांनीं तिचेंच अनुकरण केलें.

कथानक असें. एका भावी महानगरांत धनिक लोक गगनचुंबी मनोऱ्यांत विलासांत राहतात आणि कामगार भूगर्भांतील वस्तींत यंत्रांना जुंपलेले असतात. नगराचा सर्वाधिकारी योह फ्रेडरसन. तळघरांतील प्राचीन भुयारांत मारिया नांवाची एक साध्वी तरुणी कामगारांना धीर देते, हिंसेपासून परावृत्त करते आणि मध्यस्थ येईल तोंवर वाट पाहा असें सांगते. फ्रेडरसनचा पुत्र फ्रेडर तिच्यावर अनुरक्त होतो. हा सर्व प्रकार फ्रेडरसनला कळतो तो रोटवांग नांवाच्या विक्षिप्त शास्त्रज्ञाच्या घरांतून. या शास्त्रज्ञानें एक यंत्रस्त्री तयार केलेली असते, आणि तिच्या घडणींत आपला उजवा हातहि गमावलेला असतो. फ्रेडरसन त्याला आज्ञा करतो कीं, या यंत्राला मारियाचें रूप दे, म्हणजे तें कामगारांत जाऊन फूट पाडील आणि त्यांचा मारियावरील विश्वास नाहींसा करील.

येथपर्यंत इंद्रजिताचीच युक्ति. परंतु कथेचें खरें मर्म पुढें आहे. फ्रेडरसनची दिवंगत पत्नी हेल हिच्यावर एके काळीं रोटवांगचेंहि प्रेम होतें. तिनें त्याला सोडून फ्रेडरसनला वरिलें आणि फ्रेडरच्या जन्माच्या वेळीं ती मरण पावली. रोटवांगनें यंत्रस्त्री घडविली ती नगराच्या सेवेसाठीं नव्हे, तर गेलेली हेल परत मिळविण्यासाठीं. आपलें हें स्वप्न तोच जुना प्रतिस्पर्धी हेरगिरीसाठीं मागतो आहे, हें पाहून तो वरकरणीं मान डोलवितो आणि मनांत सूडाचा बेत करतो. खऱ्या मारियाला पकडून तो कांचेच्या पेटींत निजवितो. तेजाचीं वलयें यंत्रस्त्रीभोवतीं खालींवर फिरूं लागतात, आणि हळूहळू धातूच्या मुखवट्यावर मारियाचा चेहरा उमटतो. तिला धाडणारा धनी फ्रेडरसन; पण तिच्या कानांत शेवटचा शब्द रोटवांगचा. ती कामगारांना चिथावते खरी, परंतु फ्रेडरसनला हवी तेवढीच फूट पाडून ती थांबत नाहीं. ती सारें नगर बुडवावयास निघते.

म्हणजे या एका पुतळ्यांत तिघी स्त्रिया एकावर एक चढल्या आहेत. घडविली ती हेलसाठीं, रूप मारियाचें, आणि खालीं आहे ती कोणाचीच नसलेली धातूची मूर्ति. तिला मन आहे कीं नाहीं याचें उत्तर कथा देत नाहीं, आणि न दिलें हेंच बरें केलें. जें द्वंद्व तिच्या अंतरांत दाखवितां येत नाहीं, तें तिच्या भोवतालच्या माणसांत पसरलें आहे. आपल्या पित्याच्या बाहूंत मारियासारखी दिसणारी स्त्री पाहून फ्रेडर ज्वरानें अंथरुणाला खिळतो. कामगार ज्या मुखावर विश्वास ठेवून यंत्रगृह फोडतात त्याच मुखाच्या रक्ताला ते पुढें तहानलेले असतात, आणि एका प्रसंगीं तर खरी व खोटी या दोघीहि एकाच वेळीं रस्त्यावर असतात. जमाव एकीचा पाठलाग करीत असतो आणि हातीं दुसरी सांपडते. यंत्रगृहाच्या नाशानें खालच्या वस्तींत पाणी शिरलेलें असतें, मुलें बुडालीं अशी समजूत झालेली असते. वास्तविक खऱ्या मारियानेंच तीं वांचविलेलीं असतात. खोटीला चितेवर चढवितात. ती जळतांना हंसत राहते, मग कातडें नाहींसें होऊन आंतील धातु चमकूं लागतो, आणि लोकांच्या तोंडचें पाणी पळतें. अग्नीनें खरें-खोटें निवडावें ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटूं नये.

हें दोन चेहऱ्यांचें काम ज्या नटीनें केलें ती ब्रिगिटे हेल्म १९०६ सालीं जन्मलेली, म्हणजे चित्रण चालूं झालें तेव्हां अवघी एकोणीस वर्षांची, आणि हा तिचा पहिलाच चित्रपट होता. तिनें दोन्ही मारिया साकारल्याच, शिवाय धातूच्या पोशाखाच्या आंतहि तीच होती. तो पोशाख वाल्टर शुल्त्से-मिटेनडोर्फ या मूर्तिकारानें केला. तो धातूचा मुळींच नव्हता. भिजलेलें असतां कणकेसारखें वळणारें आणि वाळल्यावर लांकडासारखें कठीण होणारें एक मिश्रण नटीच्या अंगाच्या मापाच्या सांच्यावर बसवून वर चांदीसारखा रंग दिलेला होता. आंत बसणें अर्थातच सुखाचें नव्हतें. वलयांचें दृश्य तीच फीत छायायंत्रांतून अनेक वेळां फिरवून साधलें. परंतु या साऱ्या कारागिरीपेक्षां हेल्मचा अभिनय सरस आहे. खऱ्या मारियाची चाल संथ आणि हात मोकळे. खोटीचें मस्तक झटक्यानें वळतें, एक पापणी दुसरीहून अधिक मिटलेली राहते, चेहऱ्याचे दोन अर्धे जणूं एकमेकांशीं बोलत नाहींत. एका शब्दाचें साह्य नसतां केवळ एका पापणीनें 'ही ती नव्हे' असें सांगणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

दिग्दर्शक फ्रित्स लांग. चित्रण १९२५ च्या मे महिन्यापासून १९२६ च्या ऑक्टोबरपर्यंत चाललें आणि खर्च पन्नास लाख मार्कांच्या वर गेला. उफा या निर्मितिसंस्थेचें कंबरडें त्यानें जवळजवळ मोडलें. कथा आणि संहिता लांगची पत्नी थेआ फॉन हार्बू हिची. जाणत्यांना यांत एक गंमत आढळेल. रोटवांगची भूमिका करणारा रुडोल्फ क्लाइन-रोगे हा हार्बूबाईंचा पहिला पति. त्याच्यापासून विभक्त होऊन त्यांनीं १९२२ सालीं लांगशीं विवाह केला होता. हातची स्त्री दुसऱ्याकडे गेल्याचें दुःख पडद्यावर तो ज्या दिग्दर्शकाच्या आज्ञेनें रंगवीत होता, तोच तो दुसरा! कथेच्या शेवटीं मस्तक आणि हात यांच्यामध्यें हृदयानें मध्यस्थी करावी असा तोडगा हार्बूबाईंनीं काढला आहे. तो भाबडा आहे, आणि उत्तर वयांत लांगनेंहि तो आपल्याला पटत नसल्याचें सांगितलें. एच्. जी. वेल्स यांनीं तर १९२७ सालींच या चित्रपटावर अत्यंत कडक टीका केली होती.

हिटलरच्या उदयानें हें दांपत्य फुटलें. १९३३ सालीं त्यांचा घटस्फोट झाला. लांगची माता जन्मानें यहुदी होती. त्याच वर्षीं त्याच्या एका बोलपटावर बंदी आली आणि तो जर्मनीबाहेर पडला. गोबेल्सनें बोलावून मोठा अधिकार देऊं केला आणि आपण त्याच रात्रीं आगगाडीनें पळालों, अशी हकीकत तो पुढें रंगवून सांगत असे. त्याच्या पारपत्रावरील शिक्के मात्र त्यानंतरहि कांहीं महिने त्याचें जाणें-येणें चालूं होतें असें दाखवितात. हार्बूबाई जर्मनींतच राहिल्या, नाझी पक्षाच्या सभासद झाल्या, आणि राजवटीला प्रिय अशा 'डेअर हेरशर' या १९३७ च्या बोलपटाच्या संहितालेखनांत त्यांचा हात होता.

आणि याच हार्बूबाईंनीं एका मराठी माणसाशीं गुप्तपणें विवाह केला होता. बेळगांवकडील आयी गणपत तेंडुलकर हे उच्च शिक्षणासाठीं युरोपांत गेलेले, बर्लिन येथें पत्रकार म्हणून राहिलेले, वयानें बाईंहून बरेच लहान. वंशशुद्धीचा डंका पिटणाऱ्या राजवटींत नामांकित जर्मन लेखिकेनें हिंदी मनुष्याशीं उघड लग्न करणें शक्य नव्हतें. बर्लिनमधील हिंदी विद्यार्थ्यांना त्यांच्या घरीं आधार मिळत असे. पक्षांत शिरलों तें हिंदी लोकांना साह्य करतां यावें म्हणून, असें त्यांचें पुढें म्हणणें होतें. हें समर्थन अर्धें खरें मानलें तरी उरलेलें अर्धें शिल्लक राहतेंच. सकाळीं एका धन्याची लेखणी आणि सायंकाळीं दुसऱ्याच जगाशीं निष्ठा, अशीं वर्षें त्यांनीं काढलीं. महायुद्धाच्या सुमारास तेंडुलकर मायदेशीं परतले, इंग्रज सरकारच्या कारागृहांत गेले, आणि १९४५ सालीं सेवाग्राम येथें गांधीजींच्या आशीर्वादानें त्यांचा इंदुमती गुणाजी यांच्याशीं विवाह झाला. त्यांची कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनीं २०१३ सालीं इंग्रजी पुस्तकांत या तिघांची हकीकत लिहिली आहे. तींत मत्सरापेक्षां जिव्हाळाच अधिक दिसतो. युद्ध संपल्यावर हार्बूबाईंना ब्रिटिशांनीं स्थानबद्ध केलें; सुटल्यानंतर त्यांनीं उद्ध्वस्त बर्लिनमध्यें विटा-दगड उपसण्याचें काम केलें. १ जुलै १९५४ रोजीं त्या वारल्या.

चित्रपटाची स्थितिहि फारशी निराळी झाली नाहीं. १० जानेवारी १९२७ रोजीं बर्लिनमध्यें तो प्रथम झळकला तेव्हां त्याची लांबी ४,१८९ मीटर, म्हणजे सुमारें अडीच तासांची होती. अमेरिकेंतील धंदेवाइकांना ती पसंत पडली नाहीं. त्यांनीं चॅनिंग पोलॉक या नाटककाराकडे काटछांट सोंपविली, आणि त्यानें हेल समूळ उडविली. कारण हेल हें नांव इंग्रजी नरकवाचक शब्दासारखें दिसतें! पुढें जर्मनींतहि चित्रपटाचा सुमारें चतुर्थांश भाग कापला गेला. परिणाम असा झाला कीं रोटवांगचा सूड गेला, यंत्रस्त्रीचा दुसरा धनी गेला, आणि उरली ती नुसती एक दुष्ट बाहुली. ऐंशी वर्षें जगानें जी पाहिली ती हीच. तिच्यावर लिहिले गेलेले कित्येक पंडिती लेख या छाटलेल्या कथेवर आधारलेले आहेत.

२००१ सालीं उपलब्ध तुकड्यांवरून जुळविलेली प्रत युनेस्कोनें 'जागतिक स्मृति'च्या नोंदपटांत दाखल केली. २००८ सालीं आर्जेन्टिनाच्या राजधानींत, ब्युनोस आयरेस येथील चित्रपट-संग्रहालयांत, जवळजवळ संपूर्ण अशी एक प्रत सांपडली. ती सोळा मिलिमीटरच्या अरुंद फितीवर उतरवून घेतलेली, ओरखड्यांनीं भरलेली होती, तरी तींत पंचवीसेक मिनिटांचा हरवलेला भाग होता. त्यावरून सिद्ध झालेला चित्रपट १२ फेब्रुवारी २०१० रोजीं बर्लिन येथें पुन्हां दाखविला गेला. हेलची दगडी मूर्ति पडद्यावर परत आली, आणि रोटवांगच्या मनांतील काळेंबेरेंहि.

तरीहि एक प्रसंग मिळालेला नाहीं. रोटवांग बंदिस्त मारियाजवळ कबूल करतो कीं तुझी प्रतिकृति फ्रेडरसनची नव्हे, माझ्याच इच्छेनें चालते. फ्रेडरसन आडून तें ऐकतो आणि दोघे एकमेकांवर तुटून पडतात, त्या संधीचा लाभ घेऊन मारिया निसटते. सबंध कपट उघडें पडतें तो हाच क्षण. त्याचीं चित्रें आर्जेन्टिनाच्या फितींतहि नव्हतीं. त्या जागीं आज पडद्यावर केवळ कांहीं ओळींचा मजकूर येतो.