पेलाभर चहाचे प्रायश्चित्त

आरती आटोपली, प्रसाद वाटला, की मंडपात चहा येतो. तो कोणाच्या हातचा, हे आपण विचारत नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात एवढ्याच प्रश्नावरून घरे हादरली होती.

ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. नंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरला. पुढे आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध केली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. बहिष्कृतांच्या घरी धर्मकार्याला भटजी मिळेनात. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांनीच त्यांना बोल लावला. रमाबाई रानडे यांनी १९१० च्या आपल्या आठवणींत हा प्रसंग नोंदवला आहे.

दोष चहाच्या पानात नव्हता. तो करणाऱ्या हातात मानला गेला होता. पुढे तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये, टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाची चळवळ हाती घेतली.

मग चहा आपल्या घरात आला, पण साहेबी रीत दारातच राहिली. साहेबाची रीत मुरवण्याची: किटली गरम पाण्याने विसळायची, माणशी एक चमचा पत्ती टाकायची, वर खळखळते पाणी ओतून झाकण लावायचे, चार मिनिटांनी गाळायचे, दूध नंतर, चवीपुरते. ही पत्ती उकळली तर चहा तुरट होतो. १९३० च्या सुमारास आसामात पान चिरडून, फाडून, वळवून दाणेदार पत्ती करणारे यंत्र निघाले. हा दाणा झटकन रंग सोडतो आणि दुधापुढे हार मानत नाही. म्हणून आपले पातेले जिंकले: आधी पाणी, आले, गवती चहा, मग साखर आणि पत्ती, शेवटी दूध, दोन उकळ्या, आणि गॅस बंद करून मिनिटभर झाकण.

या पातेल्यात आपापल्या गावाचीही भर पडली. बडोद्याच्या घरांत पुदिना आला. हैदराबादेत इराण्याच्या हॉटेलातला, आटवलेल्या दुधाचा चहा आपलासा झाला. शेजाऱ्याच्या हातचे पिता पिता आपण इथले झालो.

घरी मोठ्यांकडून ऐकलेल्या सोवळ्या-ओवळ्याच्या गोष्टींचे आपल्याला हसू येते. पण तेव्हाच्या लोकांना एका पेल्यापायी केवढी किंमत मोजावी लागली, हे विसरू नये. यंदा मंडपात चहा हाती आला की देणाऱ्याचे नाव जरूर विचारा. मात्र ते ओळख वाढवण्यासाठी.